फ्रोझन शोल्डर आणि ड्राय नीडलिंग, जायच्या आधी हे वाच

ताई, ड्राय नीडलिंग म्हणजे स्नायूत बारीक सुई टोचायचा उपचार. फ्रोझन शोल्डरमधे, म्हणजे खांदा आखडतो त्या दुखण्यात, सांध्याभोवतीचं आवरण आवळतं आणि ही सुई त्यावर काम करत नाही, ती स्नायूतल्या दुखऱ्या गाठीसाठी असते. सुईत औषध नसतं. गाठ बरोबर सापडली की स्नायू टचकन उडतो, घाबरू नको, तेच हवं असतं. बऱ्याचदा त्रास खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूच्या सबस्कॅप्युलॅरिस नावाच्या स्नायूमधे असतो, तिथे बगलेकडून टोचतात आणि जवळच फुप्फुस आहे, म्हणून कळकळीने सांगते की हे शिकलेल्या फिजिओकडेच जा, गावात नाही मिळाला तर रत्नागिरी-चिपळूणला जा पण कुणाकडूनही टोचून घेऊ नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांग. आणि शुगर तपासलीस का? डायबेटिसवाल्यांना हे दुखणं जास्त होतं.

नंतर एकदोन दिवस ठणकतं, शेक घे. दुखणं उतरलं की लगेच व्यायाम धर, भिंतीवर बोटं चढवत नेणं, पाठीमागून टॉवेल ओढणं, हे रोज हवं, नुसत्या सुयांनी हात वर जाणार नाही गं. विहिरीचं पाणी ओढणं आणि आंब्याच्या पेट्या उचलणं सध्या घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दे.