सायलेन्सरमधून पाणी? आधी थेंब बोटावर घे
मित्रा, लगेच इंजिन उघडायला निघू नकोस. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. गार सायलेन्सरमध्ये त्या वाफेचे थेंब होतात. तुझी जुनी स्प्लेंडर एअर-कूल्ड, म्हणजे हवेनेच गार होणारी; तिच्यात कूलंटच (इंजिन गार ठेवणारा द्रव) नाही, मग गळणार काय?

थेंब बोटावर घे. पाण्यासारखा, फार तर काजळीने काळपट असेल तर निर्धास्त राहा. तेलकट लागला, निळा धूर दिसला, तरच मेकॅनिक गाठ.

नवखे हमखास करतात ते:
- रोज उभ्या उभ्या २ मिनिटं इंजिन चालवून बंद करणं. पाणी आतच साचतं, सायलेन्सर सडतो. त्यापेक्षा १०-१२ किलोमीटर फिरवून आण.
- सायलेन्सरखालचं बारीक भोक बुजवणं. ते पाणी जायलाच असतं. मी बुजवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात शेजारीच रुपयाएवढं नवं पडलं!