डायल-अपवर लॉगिन स्क्रिप्ट का चालत नाही?

प्रश्न : घरच्या विंडोज एक्सपी लॅपटॉपवरून मोडेमने ऑफिसला जोडतो. कनेक्शन लागतं, पण पी: ड्राइव्ह (ऑफिसच्या सर्व्हरवरचा फोल्डर) दिसत नाही. ऑफिसात मात्र सगळं आपोआप येतं. असं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही आधी लॉगिन करता आणि मग डायल करता, खरी गोम तिथेच आहे. त्या क्षणी सर्व्हर समोर नसतो. विंडोज जुन्या साठवलेल्या पासवर्डवर तुम्हाला आत घेतं आणि लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे लॉगिन करताना ड्राइव्ह आपोआप जोडणारी आज्ञांची फाइल, राहून जाते. नंतर लाइन लागली तरी ती पुन्हा चालत नाही. म्हणून कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनंतरच्या चौकटीत ‘ऑप्शन्स’ दाबा आणि ‘लॉग ऑन युजिंग डायल-अप कनेक्शन’वर टिक करा. कनेक्शन सर्व युजरसाठी बनवलेलं हवं, हे बहुतेकजण विसरतात.

तरीही अडलं, तर स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून सगळ्या कॉम्प्युटरना लागू होणाऱ्या नियमांतून) येते का, हे ॲडमिनना नक्की विचारा. ५०० केबीपीएसपेक्षा हळू लाइनवर विंडोज अशा स्क्रिप्ट मुद्दाम वगळतं, आणि तुमचा मोडेम फार तर ५६ केबीपीएसचा. ही मर्यादा सर्व्हरवरून बदलता येते. लॅपटॉप फॉरमॅट करायची अजिबात गरज नाही. तोवर ड्राइव्ह ‘नेट यूज’ या कमांडने हाताने जोडा.