पडलेली चाल परत घ्यायची नाही

प्रिय पंच,

तुझा निरोप रात्री उशिरा वाचला. रामशेजच्या वेढ्यावरच्या आपल्या नकाशावरच्या युद्धखेळात गडावरच्या मराठ्यांच्या गटाने निम्मी शिबंदी अंधारात पायथ्याच्या आशेवाडीकडे उतरवली, नाशिकहून येणारी रसद जाळली, आणि मोगलांच्या खोलीतले दहा जण तुझ्यावर तुटून पडले: "असं होऊच शकत नाही, फेरी परत घ्या." आता तू विचारतेस, घ्यावी का?

नाही. पडलेली चाल परत घ्यायची नाही.

गडाची चिठ्ठी वेळेत आली होती. तुझ्या मुख्य नकाशावर ती वाट होती. मोगलांनी त्या बाजूला पहाराच बसवला नव्हता, आणि चौकीची बातमी दोन फेऱ्या उशिरा पोचली ती घोडेस्वाराला तेवढा वेळ लागतो म्हणून. दोन खोल्या, दोन अर्धवट नकाशे, उशिरा येणारा कागद, यासाठीच तर तीस माणसं आपला रविवार देतात! १८२४ मध्ये प्रशियात धाकट्या राइस्विट्झने क्रीगस्पील हा नकाशावरचा युद्धखेळ मांडला, तेव्हापासून पंचाचं काम हेच: ज्याला जेवढं दिसेल, तेवढंच त्याला दाखवायचं. खरा रामशेज १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक झुंजला. तिथे औरंगजेबाच्या सरदारांना फेरी कोण परत देणार होतं?

मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवेचा सराव नकाशावर केला. फाशांप्रमाणे नऊ बॉम्ब लागले. आकागी आणि कागा या विमानवाहू नौका बुडाल्या. पंच असलेल्या ॲडमिरल उगाकींनी नऊचे तीन केले आणि आकागी वाचवली. पुढच्या टप्प्यात कागाही पुन्हा पाण्यावर आली. जूनमध्ये दोन्ही खऱ्याखुऱ्या समुद्राच्या तळाशी गेल्या.

मीही हे केलंय. माझा पहिला मोठा खेळ, सदतीस माणसं, हॉल सहाला रिकामा करायचा होता, आणि हरणारे गृहस्थ वयाने माझ्यापेक्षा कितीतरी मोठे. खेळ मोडला असता, हे मी आजही म्हणेन. मी फेरी परत घेतली. ज्या पोराने तीन तास गप्प बसून ती चाल रचली होती, तो काही बोलला नाही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेला. पुन्हा आला नाही. म्हणून मी इतका हट्टी आहे, आणि राहणार.

नकाशा वाचण्यात तुझीच चूक झाली असेल, तर ती दुसऱ्या खोलीत बातमी जाण्याआधी दुरुस्त कर. बातमी गेली की संपलं. पडलेली चाल परत घ्यायची नाही. आणि रडू नकोस गं, दहा जणांसमोर एकटी उभी राहिलीस, ते मला कळलंय.

येत्या रविवारी गाड्या जळालेल्याच असतील. मोगलांच्या उरलेल्या धान्याचा हिशेब आधी तयार ठेव, आणि तो कागद त्यांच्या खोलीत तू स्वतः नेऊन दे.