टेनिसच्या एटीपी फायनल्समध्ये, म्हणजे पुरुषांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत, दुहेरीची जोडी कशी पोहोचते? फक्त दुहेरी खेळून करिअर होतं का?

वर्षभरात जोडीने मिळून कमावलेले गुण मोजतात आणि त्यातून पहिल्या 8 जोड्या या स्पर्धेसाठी इटलीतल्या तुरीनला जातात. ग्रँड स्लॅम जिंकलेली जोडी 8 च्या खाली पण पहिल्या 20 मध्ये असेल, तर आठवी जागा तिला मिळू शकते. गुण जोडीचे असल्यामुळे हंगामाच्या मध्यात साथीदार बदलला की हिशोब शून्यापासून सुरू. म्हणून चांगला साथीदार टिकवणं हेच निम्मं काम.

करिअर होतं, पण थेट दुहेरीपासून सुरुवात करणारे थोडेच. बहुतेक जण आधी आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) छोट्या स्पर्धा आणि चॅलेंजरमध्ये (मुख्य एटीपी स्पर्धांच्या खालची पातळी) एकेरी-दुहेरी दोन्ही प्रकार खेळतात. एकेरीत गाडी अडली किंवा दुखापत झाली की दुहेरीकडे वळतात. भारताचा युकी भांब्री एकेरीत पहिल्या 100 मध्ये होता, दुखापतींनंतर त्याने हाच रस्ता धरला. दुसरा मार्ग अमेरिकन कॉलेज टेनिसचा, कारण तिथे दुहेरीच्या निकालावर संघाला गुण मिळतो. 2022 आणि 2023 ची एटीपी फायनल्स जिंकणारे राजीव राम आणि जो सॅलिसबरी दोघेही कॉलेजमधूनच आले.

वयाची भीती इथे कमी. भारताचा रोहन बोपण्णा 43 व्या वर्षी, 2024 मध्ये, दुहेरीत क्रमांक एकवर पोहोचला. फायनल्सचं जेतेपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. 2012 आणि 2015 मध्ये अंतिम सामन्यात हरला. पैशाचं म्हणाल तर बक्षीस दोघांत वाटलं जातं, आणि चॅलेंजर पातळीवर प्रवासखर्च निघाला तरी खूप.