तो बाइट लिहिला कुणी?

सांगली, रविवार

चि. पोरी,

तुझा बॅकट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या ओळींतून जात पडला त्याची यादी, पाहिला. प्रोग्रॅम फ्रीच्या, म्हणजे मेमरीतली जागा परत करण्याच्या ओळीवर पडतो, मध्ये एक प्रिंटएफ, पडद्यावर छापायची ओळ, घातला की पडत नाही. म्हणून तो तसाच ठेवून हळदीच्या सौद्यांचा प्रोग्रॅम उद्या अडत्याला देणार म्हणतेस. देऊ नकोस.

जिथे पडतो तिथे चूक असेलच असं नाही. इथे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी चढतं, पाऊस मात्र वर कोयनेच्या पाणलोटात पडून गेलेला असतो. तू एवढंच विचार: मेमरीत जो बाइट बिघडला, तो बाइट लिहिला कुणी?

नावासाठी मॅलॉक करताना, म्हणजे मेमरीत जागा मागताना, तू स्ट्रलेनइतकीच, नावाच्या बाइटांइतकीच जागा मागितलीस, नाव संपलं हे सांगणारं शेवटचं शून्य धरलंच नाहीस. तरी ‘मिरजकर’ चालतो आणि ‘सांगलीकर’ला प्रोग्रॅम मरतो. का? यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेतं. मिरजकर १८ बाइट. ६४-बिट लिनक्सवर मॅलॉक पुरवणाऱ्या ग्लिबसीकडे १८ मागितले तरी हातात २४ पडतात, शून्य खपून जातं. सांगलीकर बरोब्बर २४. पंचविसावा बाइट शेजारच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर जाऊन बसतो. पुढे कधीतरी तो शेजारी फ्री करायला गेलीस की ‘इनव्हॅलिड पॉइंटर’, पत्ता चुकीचा, म्हणून बोंब. पॉइंटर बिचारा ठीकच असतो.

खरं तर हे मी सांगायला नको होतं. ॲड्रेससॅनिटायझर, जागेबाहेरचं लिहिणं पकडणारं साधन, लावून पुन्हा कंपाइल केलं असतंस तर लिहिणारी ओळ आणि जागा मागणारी ओळ, दोन्ही समोर आल्या असत्या. वेग साधारण निम्मा होतो, होऊ दे. ते जमत नसेल तिथे जीडीबीत, प्रोग्रॅम थांबवून तपासायच्या साधनात, बिघडलेल्या बाइटच्या पत्त्यावर वॉचपॉइंट लाव, तिथे कुणी लिहिलं की प्रोग्रॅम थांबतो. जीडीबी पत्ते इकडेतिकडे हलू देत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा दुसऱ्या रनलाही पत्ता तोच सापडतो. बफर मोठा करून बघणं, पॉइंटर नल म्हणजे रिकामा आहे का तपासणं, हे सगळं नंतर. आधी लिहिला कुणी?

एका नोकरीत असाच क्रॅश ‘रात्री रीस्टार्ट करू’ म्हणून झाकायचं ठरलं. मी रिलीजवर सही केली नाही. बढती गेली, हेकट हे नाव पडलं. बढतीचं वाईट आजही वाटतं. पण तो रीस्टार्ट म्हणजे उपाय होता, असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. असो.

वजनाच्या फाइलवरचा तुझा दुसरा क्रॅशही मला दिसलाय. तो सांगणार नाही. पॅच पाठवू नकोस, लिहिणारी ओळ पाठव. आणि रात्री दोनपर्यंत जागत बसू नकोस, आई चिडते.

तुझा,
काका