जैसलमेरहून सांड्याचं तेल आणावं का? गुडघ्यांना गुण येतो म्हणतात. आणि सांडा बघायला कुठे मिळेल?

नका आणू. हा प्रश्न वाचला की मला संताप आवरत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सांडा म्हणजे वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा. ते 'तेल' म्हणजे त्याची वितळवलेली चरबी. हिवाळ्यात तो बिळात पडून राहतो, काही खात नाही. शेपटीच्या बुडाशी साठवलेली चरबी हीच त्याची तेव्हाची शिदोरी.

वाळवंटातला असला तरी सांड्याला भुसभुशीत टेकाड चालत नाही. बीळ ढासळू नये म्हणून घट्ट, खडेरी जमीनच लागते. बीळ तिरकं, वळणाचं, बऱ्याचदा दोन मीटरहून लांब. एका बिळात एकच मोठा सांडा. संध्याकाळी आत शिरून तो बिळाचं तोंड मातीने बुजवतो. कोल्ह्या-सापांपासून वाचायला हा बंदोबस्त चांगला, पण शिकाऱ्याला हीच ताजी माती खूण ठरते: मालक घरात आहे. मग कुदळ पडते. पळू नये म्हणून पाठीचा कणा मोडतात आणि तसाच जिवंत ठेवतात. बाजारात तो निपचित पडलेला दिसतो, लोकांना वाटतं माणसाळलाय. कीव येऊन विकत घेऊन सोडलात तरी तो जगत नाही, आणि विकणारा त्या पैशांत दुसरा आणतो. पैसे देऊ नका, वनखात्याला कळवा; महाराष्ट्रात असा विक्रेता दिसला तर १९२६ ही हेल्पलाइन आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने सांडा संरक्षित आहे, म्हणजे बाटली बाळगणंही अंगाशी येऊ शकतं.

'आमच्या आजोबांना गुण आला होता' असं सांगणारे भेटतातच. कोमट तेलाने रोज चोळलं की आखडलेल्या गुडघ्याला बरं वाटतं, हे मान्य. पण तो गुण चोळण्याचा. तिळाचं तेल घ्या. सूज असेल तर आधी डॉक्टर.

बघायचा असेल तर जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कात, थंडी सरल्यावर, ऊन चढू लागलं की. बिळाच्या तोंडाशी काळपट दिसतो, अंग तापलं की फिका पडतो. गाडीतून उतरू नका. पाऊल वाजलं की आत जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. मोठा सांडा मुख्यतः पाला, फुलं, शेंगा खातो, त्यामुळे 'केर' नावाच्या काटेरी झुडपांभोवती नजर ठेवा.