सर्व्हर अचानक मंद झाला, डिस्कचे दिवे मात्र सगळे हिरवे. रेड कंट्रोलर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की ४ टीबीच्या चार डिस्कवर रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी मांडणी) आहे, आठ दिवसांपासून एंट्री सेव्ह करताना टॅली अडकतंय, रिपोर्ट मात्र पटकन उघडतात आणि व्हेंडर नवं कंट्रोलर कार्ड घ्या म्हणतोय. जरा थांबा. आधी कार्डावरची बॅटरी बघा.

वाचणं ठीक आणि लिहिणं मंद, म्हणजे पहिला संशय तिच्यावरच. रेड ५ मध्ये छोटीशी नोंद लिहायची तरी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशा चार फेऱ्या पडतात. ७२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेराच ८ मिलिसेकंदांहून जास्त. कंट्रोलर नोंद आपल्या कॅशेत (तात्पुरत्या मेमरीत) घेऊन लगेच ‘झालं’ म्हणतो आणि डिस्कवर सावकाश उतरवतो (राइट-बॅक), म्हणून एरवी हे जाणवत नाही. बॅटरी गेली की वीज गेल्यावर कॅशेतलं उडेल या भीतीने तो मुकाट्याने राइट-थ्रूवर जातो, म्हणजे नोंद डिस्कवर उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. डिस्क शाबूत, त्यामुळे दिवे हिरवेच.

मेगारेड कार्ड असेल तर स्टोअरसीएलआय आणि डेलचं पर्क असेल तर पर्कसीएलआय ही कमांड चालवून बॅटरीची स्थिती आणि व्हर्च्युअल ड्राइव्हची (चारही डिस्क मिळून दिसणाऱ्या एका ड्राइव्हची) सध्याची कॅशे पॉलिसी बघा. काही कार्डांची बॅटरी अधूनमधून स्वतःला रिकामी करून पुन्हा भरते, तेव्हाही काही तास असंच होतं. पण तुमचे आठ दिवस झालेत.

कोणी सांगेल, ‘बॅटरी नसतानाही राइट-बॅक’ हा पर्याय चालू करा, यूपीएस आहेच. करू नका. यूपीएस सर्व्हरच्या बाहेर आहे. आतला पॉवर सप्लाय मेला तर त्याचा काय उपयोग?

हात घातलाच आहे तर पॅट्रोल रीड (खराब सेक्टर शोधायला डिस्क अधूनमधून वाचून बघणं) चालू आहे का तेही बघून घ्या. मेगारेडमध्ये ते मुळात दर १६८ तासांनी होतं, पण ‘सर्व्हर स्लो होतो’ म्हणून कोणीतरी बंद करून ठेवलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तुमची एक डिस्क गेली तर रीबिल्डसाठी (नव्या डिस्कवर तिचा डेटा पुन्हा उभा करायला) उरलेल्या तिन्ही, म्हणजे १२ टीबी, पूर्ण वाचाव्या लागतील. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या कागदावर साधारण १२.५ टीबीमागे एक न वाचता येणारा सेक्टर धरलेला असतो. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, तरी खराब सेक्टर रीबिल्डच्या मध्यावर सापडण्यापेक्षा आधी सापडलेला बरा. पुढच्या वेळी रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं) किंवा १० (डिस्कच्या जोड्यांवर सारखीच प्रत ठेवणारं) घ्या.

आणि डिस्क कधी बदलावी लागलीच, तर सॉफ्टवेअरमधून तिचा दिवा लुकलुकवून मगच उपसा. मी एकदा रात्री अकरा वाजता बंद पडलेल्या डिस्कचा ‘स्लॉट २’ शोधताना एकपासून मोजलं. कंट्रोलर शून्यापासून मोजतो. चांगली डिस्क हातात आली आणि अख्खा अ‍ॅरे (डिस्कचा संच) ऑफलाइन. पुन्हा खोचल्यावर ती ‘फॉरिन’ (परक्या अ‍ॅरेतली) दिसू लागली. घाईत ‘क्लिअर’ (तिच्यावरची अ‍ॅरेची माहिती पुसणं) दाबलं नाही एवढीच अक्कल तेव्हा शाबूत होती, ‘इम्पोर्ट’ने (ती माहिती परत स्वीकारून) निभावलं. बॅकअप होता, पण तीन दिवस जुना.

बॅटरी मागवताना कार्डाचा मॉडेल नंबर नीट जुळवा, आणि ती बदलण्याआधी बॅकअप घेऊन सर्व्हर रीतसर बंद करा. नवी बॅटरी चार्ज होईपर्यंत काही तास राइट-थ्रूच दिसेल, तेवढ्यात व्हेंडरला फोन लावू नका.